विरोधी भागातला मतदार खरोखर वळवता येतो का?

ज्या भागात एखाद्या पक्षाविषयी जुना आणि खोल अविश्वास आहे, तिथे तो पक्ष मतदारांना आपल्याकडे वळवू शकतो का आणि कसा, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे मडगावात राहतो, म्हणून दक्षिण गोव्यातला सासष्टी तालुका आणि भारतीय जनता पक्ष हे एकच उदाहरण घेऊन उत्तर देतो. माझे मत आधीच सांगतो: मतदार वळवता येतो, पण त्याची किंमत पक्षाला स्वतःच्या घरात मोजावी लागते, आणि ती टाळण्यासाठी मतदाराऐवजी आमदार वळवायला घेतले की हाती आलेलेही निसटते.

सासष्टीत ख्रिस्ती मतदारांची संख्या मोठी आहे, परंतु तिथला अविश्वास केवळ धर्मातून आलेला नाही. जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याचा प्रस्ताव फेटाळला गेला, त्यात या तालुक्याचा वाटा मोठा होता; आपली भाषा, जमीन आणि ओळख बाहेरचे कोणीतरी गिळून टाकील ही धास्ती तेव्हापासून इथल्या राजकारणात मुरलेली आहे. मराठी वाचकांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण त्या काळी ही धास्ती आपल्याविषयीच होती. पुढे भाजप आला तेव्हा त्याच्याकडेही याच नजरेने पाहिले गेले. मडगाव आणि फातोर्डा या शहरी जागा त्याने पूर्वी जिंकल्या होत्या, पण आसपासच्या गावांत त्याला थारा नव्हता.

२०१२ च्या विधानसभा निवडणुकीत मनोहर पर्रीकरांनी जे केले ते म्हणूनच अभ्यासण्यासारखे आहे. पक्षाने सहा ख्रिस्ती उमेदवार दिले आणि म्हापसा, कळंगुट, हळदोणे, वास्को, कुडचडे व कुठ्ठाळी या सहाही ठिकाणी ते निवडून आले. यांपैकी एकही मतदारसंघ सासष्टीतला नाही, तरी निरोप सासष्टीपर्यंत पोचला. कुठ्ठाळीचे माथानी साल्ढाणा हे तर रापणकारांच्या, म्हणजे पारंपरिक मच्छीमारांच्या, चळवळीतून पुढे आलेले नेते होते. मच्छीमारांच्या हक्कांसाठी अनेक वर्षे झगडलेला माणूस ज्या पक्षात जातो, त्या पक्षाचे निदान ऐकून घ्यावे असे लोकांना वाटले. खुद्द सासष्टीत पक्षाने आणखी शहाणपणाची गोष्ट केली, ती म्हणजे बहुतेक ग्रामीण मतदारसंघांत कमळ उभेच केले नाही. नावेलीत आवेर्तान फुर्तादो हे अपक्ष होते आणि त्यांना भाजपचा पाठिंबा होता. काँग्रेसने आलेमाव या एकाच राजकीय कुटुंबात चार उमेदवाऱ्या दिल्या होत्या, त्या चारही ठिकाणी तिचा पराभव झाला आणि नावेलीत फुर्तादो जिंकले. ज्या चिन्हावर बोट ठेवायला हात धजत नाही, ते चिन्ह पुढे न करणे हा मतदाराच्या संकोचाचा मान राखण्याचा मार्ग होता, असे मी मानतो.

त्या दिवसांत आमच्या शेजारी राहणारे एक निवृत्त तारवटी (जहाजावरचे खलाशी) संध्याकाळी बल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या बैठकीवर, बसून गप्पा मारत. जन्मभर हाताला मत दिलेला तो गृहस्थ एकदा शांतपणे म्हणाला, ‘हे खेपे बदल जाय’, म्हणजे या वेळी बदल हवा. त्याला भाजप आवडू लागला होता असे मुळीच नाही. बेकायदा खाणी, जमिनींचे व्यवहार आणि एकाच घरात वाटलेल्या उमेदवाऱ्या यांचा त्याला वीट आला होता, आणि पर्यायाची भीती तेवढ्यापुरती कमी झाली होती. भीती कमी होणे हीच माझ्या मते पहिली पायरी आहे; प्रेम किंवा विचारसरणी पटणे ही फार पुढची गोष्ट झाली.

निवडून आल्यावर शब्द पाळावा लागतो. २०१२ मध्ये सत्तेवर आलेल्या पर्रीकर सरकारने पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर जवळजवळ शून्यावर आणल्याने लिटरमागे सुमारे ११ रुपये कमी झाले, आणि हा लाभ सर्वांनाच दिसला. शाळांच्या माध्यमाचा प्रश्न मात्र जळता निखारा होता. २०११ मध्ये काँग्रेस सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देऊ केले तेव्हा भाजपने भारतीय भाषांच्या बाजूने आंदोलन केले होते. सत्तेवर आल्यावर मात्र चर्चशी संलग्न इंग्रजी शाळांचे अनुदान चालूच ठेवले. नव्या मतदाराला दिलासा मिळाला, पण जुना कार्यकर्ता दुखावला. या अनुदानाविरुद्धच्या आंदोलनाचे नेते सुभाष वेलिंगकर यांना २०१६ मध्ये संघाच्या गोवा प्रमुखपदावरून दूर करण्यात आले, त्यांनी वेगळा पक्ष काढला, आणि २०१७ मध्ये भाजप २१ वरून १३ जागांवर आला. मातृभाषेतील शिक्षणाचा मी पक्का पुरस्कर्ता आहे, त्यामुळे वेलिंगकरांच्या बाजूचे दुःख मला कळते. तरीही हे सांगणे भाग आहे की त्या १३ आमदारांत सात ख्रिस्ती होते.

त्यानंतर मात्र सोपी वाट धरली गेली. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार भाजपत आले, त्यांत सासष्टीतल्या नुवे, वेळ्ळी आणि कुंकळ्ळीचे आमदार होते. पुढच्या निवडणुकीत हे तिघेही वेगवेगळ्या चिन्हांवर लढले आणि तिघेही हरले. नावेली २०२२ मध्ये भाजपला मिळाली, पण ती विरोधी मते अनेकांत फुटल्यामुळे, आणि अशा विजयाला मन जिंकणे म्हणता येत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात काँग्रेसचे आणखी आठ आमदार आले, त्यांत मडगावचे दिगंबर कामत आणि नुवेचे आलेक्स सिक्वेरा होते. कागदावर सासष्टीतल्या आठपैकी तीन जागा भाजपच्या झाल्या. तरीही २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण गोव्यात काँग्रेसचे विरियातो फर्नांडिस सुमारे साडेतेरा हजार मतांनी निवडून आले, आणि ते मताधिक्य सासष्टीनेच दिले.

म्हणून आपण ज्या भागाचा विचार करत असाल तिथे आधी हे पाहा की लोकांना त्या पक्षाची नेमकी कशाची भीती वाटते, ती दूर करू शकेल असा त्यांच्यातलाच विश्वासाचा माणूस कोण आहे, आणि त्याला दिलेल्या शब्दासाठी आपल्याच जुन्या कार्यकर्त्यांची नाराजी सोसायची नेतृत्वाची तयारी आहे का. माझ्या अनुभवाने बहुतेक प्रयत्न या तिसऱ्या प्रश्नापाशी थांबतात.