बाप्टिस्टांमधली ‘ती लढाई’ समजून घ्यायची कशी?

प्रश्न : मी डॅलसमध्ये शिकतो. नुकताच इथल्या एका सदर्न बाप्टिस्ट मंडळीत (चर्चमध्ये) बाप्तिस्मा घेतला. या पंथात १९७९ पासून पुराणमतवादी आणि मवाळ गटांत झालेल्या लढाईला वडीलधाऱ्यांपैकी कोणी शुद्धीकरण म्हणतं, कोणी बळकावणं. खोलात विचारलं की विषय बदलतात. सुरुवात कुठून करू? स्त्रियांच्या पाळकपदाचा आजचा वाद त्यातलाच का?

उत्तर : बायबल निर्दोष आहे की नाही, हा वादाचा मुद्दा खराच होता. पण लढाई जिंकली गेली नेमणुकांवर, तेव्हा आधी ती यंत्रणा समजून घ्या. सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन म्हणजे या मंडळ्यांची देशव्यापी संघटना; तिचा अध्यक्ष एका वर्षासाठी निवडला जातो; प्रथेने त्याला दुसरं वर्षही मिळतं. तो एक समिती नेमतो, ती दुसऱ्या समितीसाठी नावं सुचवते, आणि ही दुसरी समिती सेमिनऱ्या (पाळक घडवणारी विद्यालयं) व मिशन बोर्डांचे (धर्मप्रसाराचं काम पाहणाऱ्या मंडळांचे) विश्वस्त सुचवते. कन्व्हेन्शनचं वार्षिक अधिवेशन ती नावं सहसा मंजूर करतं. विश्वस्तांच्या मुदती टप्प्याटप्प्याने संपतात, त्यामुळे बहुमत फिरवायला लागोपाठ दहाएक वर्षं अध्यक्ष आपला हवा. बायबल निर्दोष मानणाऱ्या पुराणमतवादी गटाचे नेते पॉल प्रेसलर आणि पेज पॅटरसन यांनी नेमकं हेच हेरलं. १९७९ मध्ये ह्यूस्टनला त्यांच्या गटाचे ॲड्रियन रॉजर्स अध्यक्ष झाले. १९८५ मध्ये तुमच्याच डॅलसमध्ये ४५ हजारांवर मतदार जमले! १९९० मध्ये न्यू ऑर्लिन्सला मवाळ गट पुन्हा हरला आणि १९९१ मध्ये त्यातल्या अनेकांनी को-ऑपरेटिव्ह बाप्टिस्ट फेलोशिप ही वेगळी संघटना काढली.

मग कन्व्हेन्शनचे १९६३ आणि २००० चे विश्वासाचे जाहीरनामे शेजारी ठेवून वाचा. एका संध्याकाळचं काम आहे. बायबलचा अर्थ लावण्याची कसोटी येशू ख्रिस्त आहे, हे १९६३ चं वाक्य २००० मध्ये गाळलं. पाळकपद पुरुषांपुरतं ठेवणारं वाक्य त्याच वर्षी आलं. तेव्हा हो, आजचा वाद त्याचाच फाटा आहे. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक या मोठ्या मंडळीला याच कारणावरून कन्व्हेन्शनबाहेर काढलं. घटनेतच तशी अट घालायला दोन लागोपाठच्या अधिवेशनांत दोन-तृतीयांश मतं लागतात. २०२४ मध्ये सुमारे ६१ टक्केच पडली आणि दुरुस्ती बारगळली.

नवख्यांची गफलत होते ती इथेच. कन्व्हेन्शन म्हणजे वरून हुकूम सोडणारा बिशप नव्हे. ते मंडळीशी संबंध तोडू शकतं. पण पाळक काढू शकत नाही की इमारत घेऊ शकत नाही. हीच स्वायत्तता ढाल म्हणूनही वापरली गेली. लैंगिक अत्याचार करणाऱ्यांची यादी ठेवणं आमच्या रचनेत बसत नाही, असं नेतृत्व सांगत राहिलं. प्रत्यक्षात कार्यालयात तशी खासगी यादी ठेवली जात होती, हे २०२२ च्या स्वतंत्र चौकशी अहवालात उघड झालं. तो अहवाल जरूर वाचा, पण वरचं सगळं कळल्यावर.

वडीलधाऱ्यांना ‘तुम्ही कोणत्या बाजूचे?’ असं विचारू नका. अनेकांचे मित्र आणि नोकऱ्या यात गेल्या. त्याऐवजी खजिनदाराला विचारा की आपलं दान कोणत्या राज्य कन्व्हेन्शनकडे (राज्यातल्या मंडळ्यांच्या संघटनेकडे) जातं. टेक्ससमध्ये जुनी बाप्टिस्ट जनरल कन्व्हेन्शन आहे आणि १९९८ मध्ये वेगळी झालेली सदर्न बाप्टिस्ट्स ऑफ टेक्ससही आहे; काही मंडळ्या दोन्हींशी जोडलेल्या असतात. तुमच्या मंडळीने तो निर्णय कधी, किती मतांनी घेतला, हे सभासदांच्या सभेच्या इतिवृत्तात सापडेल. सभासद म्हणून ती वही पाहायला मागण्यात गैर काही नाही.