मोदक घरी, पाटवडी डब्यात

प्रश्न : मावशी, एका वाहिनीच्या दुपारच्या पाककला स्पर्धेसाठी मला पुण्याला निवडफेरीला बोलावलंय. पदार्थ घरून करून न्यायचा, तिथे फक्त मांडायला दहा मिनिटं मिळणार. घरचे म्हणतात, तुझे उकडीचे मोदकच ने. मुलगी म्हणते, मोदक चीजकेक कर. मी कुठला कोर्स केलेला नाही, त्याचीही धाकधूक आहे. साताऱ्याहून पहाटेची एसटी धरणार. काय नेऊ?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मोदक नेऊ नका. तुमच्या हाताबद्दल शंका नाही, पण पहाटे चारला वाफवलेला मोदक परीक्षकांच्या तोंडात जाईपर्यंत दुपारचा एक वाजेल. तोवर पारी चामट झालेली असेल. उकड काढताना पिठी गरम पाणी पिऊन मऊ होते आणि गार झाली की तोच स्टार्च पुन्हा घट्ट बसतो. फ्रीजमध्ये तर आणखी लवकर. ओल्या फडक्यात गुंडाळलेत तर वरचा कोरडेपणा टळेल, आतला चिवटपणा नाही. आणि चीजकेकचं खंबाटकीचा बोगदा पार होईस्तोवर काय होतं, ते लेकीने एकदा एसटीत मांडीवर डबा घेऊन बघावं!

पाटवडी न्या, बरोबर रस्सा. पाटवडी गार झाली तरी तिचं काही बिघडत नाही. वाटीभर बेसनाला दोन वाट्या पाणी. फोडणीत लसूण सढळ हाताने घाला. पीठ घोटून झालं की झाकण ठेवून दणकून वाफ आणा, नाहीतर कच्चट वास राहतो आणि तो परीक्षकाला पहिल्या घासात कळतो. ताटाला तेल लावून गरम असतानाच थापा. हात भाजतो म्हणून थांबलात तर भेगा पडतील. वाटीच्या बुडाला तेल लावा नि त्याने थापा. रस्सा सुक्या खोबऱ्याचा करा, ओल्या नारळाचा प्रवासात आंबायची भीती. थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी घालून ठेवा, ते ओतून मग रस्सा भरा. वड्या रश्शात आधीच सोडू नका, विरघळून पिठलं होईल. मांडताना बशीत वड्या, शेजारी वाटीत रस्सा, बस. त्यावर मायक्रोग्रीन्सची झुडपं लावू नका, कोथिंबीर आहे ना!

कोर्सचं मनातून काढा. बीबीसीवर १९९० साली ‘मास्टरशेफ’ सुरू झालं ते हौशी लोकांसाठीच. आपल्याकडे २०१० मध्ये ‘मास्टरशेफ इंडिया’चा पहिला हंगाम जिंकणाऱ्या पंकज भदौरिया लखनौच्या शाळेत शिकवायच्या.

खरी पंचाईत वेगळीच असते. ‘आम्ही सारे खवय्ये’मध्ये प्रशांत दामले समोरच्या बाईला गप्पांत कसे रमवायचे, आठवतंय? बघायला मजा येते. पळी आपल्या हातात असली की घाम फुटतो. मीही एकदा अशाच एका कार्यक्रमात भरली वांगी केली होती. मसाल्यात मीठ घातलं, तेवढ्यात सूत्रसंचालकांनी विचारलं, “लग्नानंतर पहिला पदार्थ कोणता बिघडला?” मी हसत हसत उत्तर दिलं आणि हसत हसत पुन्हा मीठ घातलं. मग कोणीतरी ‘कट’ म्हणालं, दिवे हलवायला लागले. पण कट म्हटल्यावर गॅस काही कट होत नाही. वांगी बुडाला लागली. परीक्षकांनी एक घास खाऊन “घरगुती चव” म्हटलं आणि पाण्याचा ग्लास उचलला.

म्हणून आठवडाभर रोज संध्याकाळी लेकीला ओट्याशी उभं करा. तिने वाट्टेल ते प्रश्न विचारायचे, तुम्ही उत्तर देत देत स्वयंपाक करायचा. मीठ आधी मोजून वेगळ्या वाटीत काढून ठेवा; वाटी रिकामी दिसली म्हणजे घालून झालं.

मोदक पुढच्या फेरीला ठेवा. तिथे समोर करायला मिळाले, तर तुमच्या मोदकाच्या कळ्या कॅमेऱ्याला दिसतील आणि परीक्षकांना मोदक गरम मिळेल. तूप मात्र घरचं न्या.