बस्त्यांव आणि लिलाव

वेंगुर्ल्याच्या एका वाचकाने विचारलंय: शेजारच्या आजोबांना सगळा गाव 'बस्त्यांव' म्हणतो, आधार कार्डावर मात्र 'सेबॅस्टियन' आहे. मग बस्त्यांव हा अपभ्रंश समजायचा का? नातवाच्या लग्नपत्रिकेत काय छापायचं?

अपभ्रंश मुळीच नाही. सेबॅस्टियन हे इंग्रजीतून आलेलं रूप. बस्त्यांव त्याच्या कितीतरी आधी पोर्तुगिजांच्या तोंडून आलं. त्यांच्याकडे ते सेबास्तियांव, शेवट नाकातून काढलेला. आघात त्या शेवटावर, म्हणून सुरुवातीचा 'से' गळतो. खुद्द पोर्तुगीजमध्येही बास्तियांव हे आखूड रूप आहेच.

त्या शेवटाकडे जरा नीट कान द्या. जुवांव या नावात तोच आहे. पोर्तुगीज 'पांव'चा आपण पाव केला, 'लेलांव'चा लिलाव. मालवणच्या बंदरावर मासळी उतरली की कोणीतरी विचारतं, "लिलाव झालो काय रे बस्त्यांवा?" एका वाक्यात तोच शेवट दोनदा! मराठीने पाव-लिलावातला नाकातला सूर सोडला. नावात मात्र घरच्यांनी तो जपला.

अर्थ विचाराल, तर ग्रीक 'सेबास्तोस' म्हणजे पूज्य. रोमन सम्राटाच्या 'ऑगस्टस' या पदवीचं ते ग्रीक रूप. त्यावरून शहरांना सेबास्ते नाव पडलं (तुर्कस्तानातलं सिवास त्यांपैकीच एक), आणि तिथला माणूस तो सेबास्तियानुस, जसा वेंगुर्ल्याचा वेंगुर्लेकर. या नावाचा संत बाणांनी विंधलेला रोमन सैनिक. साथीच्या रोगात लोक त्याचा धावा करत. त्याचं फेस्त, म्हणजे सणाचा दिवस, २० जानेवारीला. पोर्तुगालचा राजा सेबास्तियांव १५५४ साली त्याच दिवशी जन्मला, म्हणून त्याला हे नाव मिळालं. त्याच्या कारकिर्दीत आपली वसई पोर्तुगिजांकडेच होती.

पण मला सर्वांत जवळचे वाटतात ते गोव्यात बार्देशातल्या आसगावचे सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद (१८५५–१९२२). कोकणीचा कोश त्यांनी केला आणि आशियाई भाषांत शिरलेले पोर्तुगीज शब्द एकेक करून नोंदवले. पाव-लिलावाचा माग काढणारा हा थोर कोशकार स्वतःच एक बस्त्यांव होता.

तेव्हा पत्रिकेत 'बस्त्यांव' छापा, आणि छापखान्याला बजावून सांगा: अनुस्वार गाळू नका.