मागचे चाक कोण सावरतो?

प्रश्न : मोटोजीपी या जागतिक शर्यतमालिकेतील मोटारसायकलींवर ट्रॅक्शन कंट्रोल असतेच, मग शर्यत स्वार जिंकतो की संगणक? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : ही यंत्रणा दोन्ही चाकांचा वेग आणि गाडीचा कल सतत मोजत असते, आणि मागचे चाक ठरवलेल्या मर्यादेपलीकडे घसरू लागले की इंजिनाची ताकद क्षणार्धात कमी करते. मात्र ती मर्यादा कुठे ठेवायची, हे स्वार आणि त्याचे अभियंते मिळून ठरवतात. टायर झिजत गेला की स्वार हँडलवरचे बटण दाबून शर्यतीतच ती बदलतो. थोडे घसरणारे चाक गाडी वळवायला मदतही करते, त्यामुळे यंत्रणेवर सगळा भार टाकणारा स्वार वेगवान ठरेलच असे नाही.

२०१६पासून सर्व संघांना एकच संगणक आणि एकच सॉफ्टवेअर वापरावे लागते, तरीही एकाच संघातील दोघांच्या वेळांत फरक पडतोच. शिवाय तेथे एबीएसला, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेला, परवानगी नाही. ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगावरून वळणात शिरताना पुढचा ब्रेक किती दाबायचा, हे केवळ बोटांनाच ठाऊक असते.

आपल्या घोडबंदर रस्त्यावर, पहिल्या पावसात ऑइल सांडलेल्या उड्डाणपुलाच्या वळणावर, हिशेब उलटा आहे (खड्ड्यांचे तर बोलायलाच नको). तेथे एबीएस बंद करण्याची हौस कृपया करू नये.