आधी बुडवणारं पाणी

प्रिय बाळ,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

बाप्तिस्म्याच्या, म्हणजे पाण्यात उतरून ख्रिस्ताचं होण्याच्या विधीच्या, तोंडावर लिहिलेलं तुझं पत्र मिळालं. तू विचारलं आहेस, "बाई, मनापासून विश्वास ठेवला तर पुरे नाही का? मध्ये हे पाणी कशाला?" आणि पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्याही खाली, बारीक अक्षरात लिहिलं आहेस, "पाण्यात उतरूनही काहीच वाटलं नाही तर?" पहिला प्रश्न तू खूप विचार करून लिहिला आहेस हे दिसतं. पण तुला झोप लागू देत नाहीये तो दुसरा. त्याच्याकडे येतेच, फक्त वाटेत मला थोडं थांबावं लागेल.

पाणी कशाला, असं कुणालाही विचारलंस तर उत्तर ठरलेलं असतं: पाणी म्हणजे शुद्धी. अंगावरचा मळ जातो तसं पाप जातं. हे खोटं नाही. दिमिष्कात हनन्या नावाच्या शिष्याने पौलाला बाप्तिस्मा घेऊन पापं धुऊन टाक असंच सांगितलं होतं. पण तू तेवढ्यावर थांबू नयेस असं मला फार वाटतं. येशूला मरणदंड देणाऱ्या रोमी सुभेदार पिलातानेही लोकांसमोर पाणी मागवून हात धुतले होते. हात स्वच्छ झाले असतील, पण त्या निवाड्याची जबाबदारी काही त्याच्या अंगावरून उतरली नाही.

पवित्र शास्त्रातलं पाणी धुण्याआधी घाबरवतं. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या अगदी आरंभी प्रकाश नाही, जमीन नाही. आहे तो अथांग जलाशय, त्यावर काळोख, आणि त्या पाण्यावर तळपणारा देवाचा आत्मा. इस्राएल लोक काही दर्यावर्दी नव्हते. त्यांच्या लेखी समुद्र म्हणजे खवळलेलं, आवरता न येणारं काहीतरी, ज्याला फक्त देवच हद्द घालून देऊ शकतो. जलप्रलयात ती हद्द सुटते. तांबड्या समुद्रात तेच पाणी इस्राएल लोकांना वाट देतं आणि त्यांच्या पाठलागावर आलेल्या मिसरी सैन्याला गिळतं. शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकात नवं आकाश आणि नवी पृथ्वी दिसते तेव्हा योहान लिहितो की समुद्र आता राहिला नाही. आणि लगेच पुढच्या अध्यायात नदी मात्र आहे, सिंहासनापासून वाहणारी. समुद्र गेला आणि नदी राहिली, हे मला जेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते.

पेत्राच्या पहिल्या पत्रात नोहाच्या तारवातल्या आठ जणांची आठवण आहे, आणि बाप्तिस्मा त्याचंच प्रतिरूप आहे असं म्हटलं आहे. तिथला शब्द नीट बघ. ते आठ जण पाण्यापासून वाचले असं तिथे नाही, पाण्यातून वाचले असं आहे. बाप्तिस्म्याच्या तयारीत मला तुला एकच गोष्ट शिकवायला मिळाली असती, तर मी हा 'तून' शिकवला असता.

पौल रोमकरांस लिहिताना धुण्याचा उल्लेखही करत नाही. सहाव्या अध्यायात तो सरळ म्हणतो की आपला ख्रिस्ताच्या मरणात बाप्तिस्मा झाला, आपण त्याच्याबरोबर पुरले गेलो. पुरले गेलो! जेरुसलेमचे बिशप सिरिल यांच्या नावाने चौथ्या शतकातली काही प्रवचनं आहेत, नुकताच बाप्तिस्मा झालेल्यांना केलेली. त्यांत सांगितलं आहे की ते तारणाचं पाणी एकाच वेळी तुमची कबरही झालं आणि आईही झालं. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी 1529 साली लहान प्रश्नोत्तरी लिहिली, तिच्यात ते पाण्याचा अर्थ असा सांगतात की आपल्यातला जुना माणूस रोजच्या पश्चात्तापाने बुडून मरायला हवा. रोजच्या, हे महत्त्वाचं. सीरियात युफ्रेटिसच्या काठी दुरा-युरोपोस इथे तिसऱ्या शतकातलं एक घर सापडलं, विश्वासी लोकांच्या उपासनेचं. त्यातल्या बाप्तिस्म्याच्या खोलीत भिंतीवर पाण्यावरून चालणारा येशू आहे आणि त्याच्याकडे हात करणारा त्याचा शिष्य पेत्र. कुंडात उतरणारा माणूस आपल्या आधी पाण्यात पाऊल टाकून घाबरलेल्याचं चित्र बघत उतरत होता.

आता 42 वं स्तोत्र काढ. हरिणी पाण्याच्या ओहोळासाठी लुलपते, ही सुरुवात तुला पाठ आहे, सगळ्यांनाच असते. भिंतीवरच्या चित्रांखाली तेवढीच ओळ असते. सातव्या ओवीपर्यंत वाच. तिथे तोच माणूस म्हणतो की तुझ्या सगळ्या लाटा माझ्यावरून गेल्या. तहानेने व्याकूळ झालेला आणि बुडत असलेला एकच माणूस, दोन्हींमध्ये काही ओळींचं अंतर. आणि लाटा कुणाच्या? 'तुझ्या' म्हणतो तो, देवाच्या. ज्याची तहान लागली आहे त्याच्याच लाटा अंगावरून चालल्या आहेत. पाण्याची गोड बाजू तेवढी उचलून कडू बाजू झाकणारं शिक्षण मला पटत नाही, कारण आयुष्यात पहिली मोठी लाट आली की ते टिकत नाही. तुझ्यावरही येईल. तेव्हा तुला माहीत असू दे की तुझ्या बाप्तिस्म्यातच ती लाट होती.

तहानेबद्दल मात्र मला सावकाश लिहायचं आहे.

योहानाच्या शुभवर्तमानात पाणी जवळजवळ प्रत्येक वळणावर भेटतं. काना गावच्या लग्नातले सहा दगडी रांजण, निकदेमाशी रात्री झालेलं बोलणं, बेथेस्दाचं तळं, शिलोहाचं तळं. सगळ्यांत खोल आहे ती सूखारजवळची याकोबाची विहीर. येशू दमून तिच्याशी बसला आहे, सहावा तास, म्हणजे भर दुपार. शोमरोनी स्त्री येते आणि तो तिच्याकडे पाणी मागतो. मग तो जिवंत पाण्याविषयी बोलतो. आपल्या कानाला हा शब्द लगेच आध्यात्मिक वाटतो, पण त्या काळच्या साध्या बोलण्यात जिवंत पाणी म्हणजे झऱ्याचं, वाहतं पाणी. हौदात साठवलेलं नव्हे. म्हणूनच ती म्हणते, तुमच्याकडे पोहरा नाही आणि विहीर तर खोल आहे. ती काही खुळी नव्हती, शब्दाचा सरळ अर्थ घेत होती. यिर्मया संदेष्ट्याला देवाने हेच दुःख सांगितलं होतं: माझ्या लोकांनी जिवंत पाण्याचा झरा, म्हणजे मला, सोडलं, आणि पाणी न राहणारे फुटके हौद स्वतःसाठी खोदले. हौद खोदायला कष्ट फार पडतात, बाळ. म्हणून तर तो सोडवत नाही. तू तुझ्या पत्रात ज्या धडपडीबद्दल लिहिलं आहेस, सगळ्यांना सतत चांगलं वाटावं म्हणून चाललेली, ती मला अशीच वाटली. याबद्दल आपण भेटून बोलू.

शेवटी ती बाई घागर तिथेच टाकून गावात जाते. योहान घागरीचा उल्लेख करतो आणि कारण देत नाही. आणखी एक गोष्ट तो सांगत नाही: येशूला पाणी मिळालं का. मागितल्याचं आहे, प्यायल्याचं कुठेच नाही.

मग योहानाचाच एकोणिसावा अध्याय वाच. पिलात त्याला लोकांपुढे आणतो तेव्हाही योहान वेळ नोंदवतो: सुमारे सहावा तास. विहिरीवरची तीच वेळ. आणि वधस्तंभावर तो म्हणतो, "मला तहान लागली आहे." यहुद्यांच्या मांडवांच्या सणात शिलोहातून सोन्याच्या पात्रात पाणी आणून वेदीपाशी ओतत असत. त्याच सणाच्या शेवटच्या दिवशी उभं राहून ज्याने तान्हेल्यांना आपल्याकडे बोलावलं होतं, तो इथे स्वतः तहानलेला आहे. आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, दिली जाते. मरण येतं. शिपाई भाल्याने कूस भोसकतो आणि रक्त व पाणी बाहेर पडतं. प्राचीन काळापासून मंडळीने त्या दोहोंत प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा पाहिला आहे. अनेक मंडळ्यांत आजही प्याल्यातल्या द्राक्षारसात पाण्याचे थोडे थेंब घालतात. तुझ्यासाठी कुंडात भरलं जाणारं पाणी मी त्या कुशीपासून वेगळं करू शकत नाही.

तर, विश्वास पुरे नाही का? बेथेस्दापाशी अडतीस वर्षं आजारी असलेला माणूस पाण्यात एकदाही उतरू शकला नाही आणि तरी बरा झाला. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराला कुणी बाप्तिस्मा दिला नाही. साल्व्हेशन आर्मी आणि क्वेकर मंडळींत पाण्याचा बाप्तिस्मा नाही, आणि त्यांच्या विश्वासाचा न्याय करणारी मी कोण? देवाची कृपा पाण्याला बांधलेली नाही. पण प्रभू स्वतः यार्देन नदीत उतरला. धुण्यासारखं त्याच्याकडे काहीच नव्हतं, बाप्तिस्मा देणारा योहान तर त्याला नकोच म्हणत होता. ऑर्थोडॉक्स मंडळ्या प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला पाण्याला आशीर्वाद देतात आणि म्हणतात की पाण्याने त्याला पवित्र केलं नाही, त्याने पाण्याला केलं. तो जिथे उतरला तिथे मी उतरायचं नाही, असं मला म्हणता येत नाही. शिवाय विश्वास आपला आपण ठेवतो असं वाटू शकतं, बाप्तिस्मा मात्र कुणालाच आपला आपण घेता येत नाही. दुसऱ्याच्या हातात अंग सोडावं लागतं.

बुडवून की शिंपडून, या वादात तू पडू नकोस. 'दिदाखे' नावाचं फार जुनं शिकवणीचं पुस्तक आहे, त्यात वाहतं पाणी सांगितलं आहे. ते नसेल तर दुसरं, थंड नसेल तर कोमट, आणि पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावं. एवढं मोकळेपण त्यांना जमत होतं.

आता तुझा बारीक अक्षरातला प्रश्न.

मला काहीच वाटलं नव्हतं. पाणी थंड होतं, नाकात गेलं, मी वर आले आणि खोकले. माझ्याबरोबर उतरलेली मुलगी रडत होती, आनंदाने, आणि मी तिच्याकडे बघून घाबरले होते की माझं काही चुकलं. हे मी कितीतरी वर्षं कुणालाच सांगितलं नाही. पुढे नामानाची गोष्ट शिकवायची वेळ आली. अरामाचा हा सेनापती, कोडाने ग्रासलेला. त्याला वाटलं होतं की संदेष्टा अलीशा बाहेर येईल, देवाचं नाव घेईल, हात फिरवेल. अलीशा दारातही आला नाही. निरोप आला: यार्देनेत सात वेळा बुडी मार. तो संतापला, आमच्या दिमिष्कातल्या अबाना आणि परपर नद्या काय वाईट आहेत म्हणाला. चाकरांनी समजावलं तेव्हा उतरला. सात बुड्या मारल्यावर त्याचं अंग लहान मुलासारखं झालं, असं शास्त्र सांगतं. पहिल्या सहा बुड्यांत त्याला काय वाटलं याबद्दल एक अक्षर नाही. वर्गात मुलांसमोर हे बोलता बोलता माझा आवाज अडकला होता.

म्हणून काही वाटेल का, हे बघत पाण्यात उतरू नकोस. वाटलं तर देवाचे आभार मान. नाही वाटलं तर कपडे बदल, प्रार्थना कर, आणि दुसऱ्या दिवशी कुणाचे तरी पाय धुवायला लाग, म्हणजे ज्याची सेवा करावीशी वाटत नाही अशा कुणाची. वल्हांडणाच्या आधीच्या त्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुवायला घंगाळात ओतलेलं पाणीही याच पाण्यापैकी आहे. यहेज्केल संदेष्ट्याने पाहिलेली मंदिरातून निघालेली नदी आधी घोट्याइतकी होती, हजार हातांवर गुडघ्याइतकी, मग कमरेइतकी, आणि मग पोहूनच जावं लागेल इतकी. त्याला मोजत मोजत नेलं गेलं. मी अजून गुडघ्याच्या आसपास आहे असं मला वाटतं.

या आठवड्यात 42 वं स्तोत्र रोज मोठ्याने वाच, पूर्ण. योहानाचा चौथा आणि एकोणिसावा अध्याय एकाच बैठकीत वाच. आदल्या दिवशी ज्याच्याशी बोलणं टाकलं आहेस त्याला भेटून ये, नाव मी लिहीत नाही.

मी वर आले तेव्हा थरथरत होते. एका म्हाताऱ्या बाईंनी मला कोरड्या टॉवेलात गुंडाळलं आणि काही न बोलता बराच वेळ तसंच धरून ठेवलं. त्या दिवसातलं मला तेवढंच लख्ख आठवतं. तू टॉवेल आणू नकोस. मी घेऊन येईन.

प्रभूत तुझी,
बाई