दर बुधवारी आजारी पडणारा मासा

प्रश्न : आमच्याकडे 40 लिटरच्या टँकमध्ये दोन ओरांडा गोल्डफिश आहेत. त्यातल्या मोठ्याला, लाडूला, चार महिने काही ना काही चालूच आहे. कधी तळाला बसून राहतो, कधी वर येऊन तोंड उघडझाप करतो, शेपटीच्या कडा झिजल्यात, खाल्ल्यावर एका बाजूला कलंडतो आणि आता कल्ल्यांजवळ काळे डाग आलेत. दुकानदाराने निळं औषध दिलं, मग अँटिबायोटिक दिलं. चार दिवस बरा, परत तेच. स्वच्छतेत आम्ही कुठेही कमी पडत नाही, मिस्टर दर रविवारी टँक पूर्ण रिकामा करून खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत धुतात. बुधवार-गुरुवारपासून मात्र तो मलूल होतो. काय करू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, उत्तर तुमच्या पत्रातच आहे, रविवारी धुलाई आणि बुधवारी आजारी. माशाच्या शी-शूतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो डोळ्यांना दिसत नाही, पाणी काचेसारखं नितळ असलं तरी असतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू त्या कळकट स्पंजवरच राहतात. म्हणजे ते विरजण आहे हो! दर रविवारी विरजण मोरीत ओतायचं आणि वर दही का लागत नाही म्हणायचं, असं चाललंय. त्यात नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, आणि निळ्या औषधानेही हेच जिवाणू मरतात.

तेव्हा औषधं आधी बंद. अमोनिया आणि नायट्राइटचं टेस्ट किट आणा, दोन्ही शून्य यायला हवेत. येईपर्यंत रोज किंवा दिवसाआड पाव टँक पाणी बदला, नवीन पाणी टँकइतक्याच तापमानाचं आणि अँटी-क्लोरीन घातलेलं. स्पंज धुवायचाच तर टँकमधून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, बस्स. विरजण नव्याने लागायला चार ते सहा आठवडे जातात पण ओळखीत कोणाचे मासे ठणठणीत असतील तर त्यांच्या जुन्या स्पंजचा तुकडा आणून फिल्टरमध्ये टाका, बरंच लवकर होतं.

सोबत लिटरला 1 ग्रॅम साधं जाडं मीठ, म्हणजे तुमच्या टँकला 40 ग्रॅम, मगभर पाण्यात विरघळवून दिवसभरात तीन वेळा थोडं थोडं सोडा. नायट्राइटचा त्रास याने कमी होतो. मीठ उडून जात नाही, त्यामुळे पुढे जेवढं पाणी बदलाल तेवढ्याचंच घाला, नाहीतर लोक दरवेळी पूर्ण डोस टाकतात आणि टँकचं खारं सरोवर होतं.

काळ्या डागांना घाबरू नका. अमोनियाने भाजलेली जागा भरून येताना बऱ्याचदा काळी पडते आणि नंतर डाग जातात.

कलंडण्याचं थोडं वेगळं आहे. ओरांडाचं अंग माणसाने गोल गोल करत आणलंय, आतडी आणि हवेची पिशवी दाटीवाटीने बसलेली, त्यात तरंगते दाणे खाताना हवाही गिळली जाते. दोन दिवस उपास, मग उकडून साल काढलेला मटारचा दाणा कुस्करून द्या. पुढे बुडणारे दाणे द्या, तेही भिजवून आणि दोन मिनिटांत संपतील एवढेच. गोल्डफिशला जठर नसतं, तो कायम भुकेलाच दिसतो, त्याच्या चेहऱ्यावर जाऊ नका. एवढं करूनही थोडा कललेला राहिला तर तो तसाच राहणार असं समजा, तसे मासेही छान जगतात.

अंग फुगून खवले फणसाच्या सालीसारखे उभे राहिले तर मात्र माशांचं कळणाऱ्या व्हेटकडे त्याच दिवशी जा, त्यातून फार थोडे वाचतात.

आणि दोघांना 40 लिटर कमीच, निदान 120-150 चा बघा. महाग वाटेल, पण ब्रिटनमध्ये 1956 साली जत्रेत जिंकलेला टिश नावाचा गोल्डफिश 1999 पर्यंत जगला होता, 43 वर्षं! लाडूचं बरंच आयुष्य बाकी आहे. मिस्टरांना रविवारी काही धुतल्याशिवाय चैन पडत नसेल तर टँकची बाहेरची काच पुसू द्या.