ताईला विचारा : पाण्याची बाटली भरलेलीच परत येते

ताई नमस्कार. माझा मुलगा चौथीत आहे, सेरेब्रल पाल्सी आहे, दोन्ही पाय ताठ होतात, स्प्लिंट घालून भिंतीला धरून धरून चालतो. डोक्याने चांगला आहे, तीसपर्यंत पाढे पाठ आहेत. आतापर्यंत वर्ग तळमजल्यावर होता म्हणून निभावलं, पण जूनपासून पाचवी, आणि पाचवीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुख्याध्यापक म्हणतात आम्हाला काही प्रॉब्लेम नाही पण रिस्क तुमची, हमीपत्र लिहून द्या आणि तुम्ही दिवसभर शाळेत बसा, नाहीतर तालुक्याला स्पेशल शाळा आहे तिकडे बघा. अपंगत्वाचं सर्टिफिकेट 35 टक्क्यांचं निघालं तर म्हणे 40 च्या खाली कायदा लागत नाही. सहलीला पण नेलं नाही यंदा. बाकी वर्गशिक्षिका चांगल्या आहेत, मुलंही दप्तर वगैरे उचलतात. तो शाळेत पाणी पीत नाही, बाटली भरलेलीच परत आणतो, तेवढं एक. काय करू?
— एक आई, सांगली जिल्हा

अहो, "तेवढं एक" काय! तुमच्या अख्ख्या पत्रात मला सगळ्यात जास्त ती बाटलीच टोचली. पोरगं पाणी का पीत नाही ते तुम्हालाही माहितेय बहुतेक. लघवीला जावं लागू नये म्हणून. खाली बसता येत नाही, धरायला काही नाही, फरशी ओली, आणि कुणाला हाक मारायची तर लाज वाटते. मीही हेच करायचे. पोलिओ, उजव्या पायाला आधाराचा पट्ट्यांचा सांगाडा, कॅलिपर, सकाळी एक कप चहा आणि मग घरी येईपर्यंत घोटभरही नाही. पाचवी ते दहावी, सहा वर्षं, आणि आईला वाटायचं हिला तहानच कमी आहे.

तर जिना नंतर, आधी संडास. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना मुळातच बद्धकोष्ठाचा त्रास जास्त असतो, त्यात दिवसभर पाणी नाही म्हणजे लघवीचं इन्फेक्शन व्हायला वेळ लागत नाही. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते, भिंतीला एक मजबूत दांडा आणि आतून सहज लागेल अशी कडी, एवढंच काम आहे हो. गवंडी एका दिवसात करून जातो. शाळेकडे पैसे नाहीत म्हणाले तर पालकसभेत सगळ्यांसमोर विचारा, गॅदरिंगच्या मंडपाला असतात तर दांड्याला का नाहीत.

आता कायद्याचं. 40 टक्क्यांचं जे सांगितलंय ते अर्धवट आहे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात 40 टक्क्यांची अट आहे ती नोकरीतलं आरक्षण, कॉलेजातल्या राखीव जागा, 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण अशा ठरावीक गोष्टींना. पण शाळेने भेदभाव करायचा नाही, इमारत वापरता येईल अशी ठेवायची, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यायची, हे कलम 16 मध्ये आहे आणि त्याला टक्के लागत नाहीत. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय, यूपीएससीच्या एका उमेदवाराला लिहिताना हात आखडायचा, 40 टक्क्यांचं सर्टिफिकेट नव्हतं म्हणून लेखनिक (सांगितलेली उत्तरं लिहून देणारा) नाकारला होता, कोर्टाने तो दिला. सरकारमान्य शाळा असली की कलम 16 लागू, मग अनुदान असो नसो. आणि गंमत म्हणजे त्याच कलमात पहिल्याच मुद्द्यात खेळ आणि करमणुकीची समान संधी असं लिहिलंय, म्हणजे तुमची सहलसुद्धा आली त्यात.

आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, ते शिक्षण हक्क कायद्यात वेगळं आहेच. त्यामुळे "तिकडे बघा" हा सल्ला झाला, हुकूम नाही. स्पेशल शाळा वाईट असतात असं मी म्हणत नाहीये, काही मुलांना तिथेच बरं वाटतं, पण ते मुलाचं बघून ठरवायचं, जिना बघून नाही.

हमीपत्र अजिबात लिहून देऊ नका. त्याऐवजी तुम्ही त्यांना अर्ज द्या, साध्या कागदावर, दोनच मागण्या, पाचवीचा वर्ग तळमजल्यावर आणा आणि संडासात सोय करा. "सहकार्य करावे ही नम्र विनंती" वगैरे घाला हवं तर, पण "कलम 16" हे शब्द त्यात पाहिजेत, आणि एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. पोच घ्या, शिक्क्यासकट. तोंडी बोलण्यात सगळे गोड असतात, शिक्का मारताना मात्र माणूस एकदा विचार करतो. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे, म्हणजे अशा मुलांना साध्या शाळेत शिकायला मदत करणारे, विशेष शिक्षक असतात त्यांनाही भेटा, ते शाळेत येऊन बघू शकतात. दोन-तीन आठवड्यांत काहीच हललं नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत, तिकडे तक्रार करता येते.

आणि हो, नीट लिहा की *वर्ग* खाली आणा. अख्खी पाचवी खाली आली पाहिजे, वरची पोरं वर आणि हा एकटा लायब्ररीत वही घेऊन बसलाय असं नको. हे होतं. मला पीटीच्या तासाला वर्गाची दप्तरं सांभाळायला बसवायचे, सत्तावन्न दप्तरं, बाई प्रेमानेच बसवायच्या, माझे लाड करायच्या, आणि मी खिडकीतून खो-खो बघायचे. प्रेमाची काही कमी नव्हती हो.

तुमच्या वर्गशिक्षिका चांगल्या आहेत म्हणताय तर अर्जाआधी त्यांच्याशी बोला, त्या आतून ढकलतील. पण सगळं त्यांच्यावर सोडू नका, त्यांची बदली झाली की परत पहिल्यापासून.

ताई, आमच्या शाळेत रॅम्प बांधलाय पण व्हीलचेअर चढतच नाही, मागून दोघांना ढकलावं लागतं. काय चुकलं?
— एक शिक्षक, लातूर

सर, उतार चुकला. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. दोन पायऱ्या आहेत म्हणून तीन फुटांत सिमेंट ओतलं की ती घसरगुंडी होते, रॅम्प नाही. जागा कमी असेल तर भिंतीला समांतर वळवून घ्या. आणि मध्यंतरात त्यावर मोटारसायकली लावू नका (तुमची लागते का ते मी विचारत नाही).

मुलगी नववीत आहे. डिस्लेक्सिया आहे असं डॉक्टर म्हणाले. सर्टिफिकेट काढलं तर कायमचा शिक्का बसेल असं तिची आजी म्हणते, पुढे लग्नाचंही बघायचंय. तिला तोंडी सगळं येतं, लिहिताना गडबडते. दहावीला नेमका फायदा काय?
— एक वडील, ठाणे

दादा, शिक्का आत्ताच बसलाय की, "आळशी" म्हणून. शाळेत आणि, राग मानू नका, घरात पण. आपल्याकडे दहावी बोर्डात अध्ययन अक्षमतेच्या (डिस्लेक्सिया त्यातच येतो) मुलांना 1996 पासून सवलती आहेत, आणि 2016 च्या कायद्यात अपंगत्वाच्या ज्या 21 प्रकारांची यादी आहे त्यातही हे आहे. जादा वेळ मिळतो तासाला वीस मिनिटं, म्हणजे गणिताच्या दोन तासांच्या पेपरला चाळीस मिनिटं जास्त. तोंडी येतंय आणि लिहिताना अडतंय अशा मुलीला चाळीस मिनिटं म्हणजे किती ते तिलाच विचारा. गरज असेल तर लेखनिकही मिळू शकतो. पण कुठल्याही दवाखान्यातला कागद चालत नाही, ठरवून दिलेल्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयातलाच लागतो, मुंबईत सायन हॉस्पिटलला आहे. तपासणीच्या चकरा होतात, नंबर लागायला वेळ जातो, आणि बोर्डाकडे अर्ज शाळेमार्फत करायचा असतो, त्यामुळे दहावीच्या दिवाळीत जागे होऊ नका, आत्ता नववीतच जा. तपासणीला आजींना सोबत न्या. तिथल्या बाकड्यावर बाकीच्या आज्या भेटतील त्यांना.